जिथं लिहिणारा गप्प बसला

पुस्तकातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि चोर पकडल्यासारखं समोरच्याकडे बघायचं. मग हळूच म्हणायचं, "हे बघ. लिहिणारा इथं गप्प बसलाय."

ही आमच्या बाराव्या मजल्यावरच्या मावशींची सवय. पुस्तक कुठलंही असो, वर्तमानपत्र असो, बिल्डिंगच्या मॅनेजमेंटनं दारावर चिकटवलेली नोटीस असो. "पाणी दुपारी बंद राहील, असं लिहिलंय. का बंद राहील, ते नाही लिहिलं. म्हणजे काहीतरी फुटलंय."

आणि खरंच काहीतरी फुटलेलं असायचं.

त्यांची माझी पहिली भेट लिफ्टपाशी झाली. जर्सी सिटीत राहायला येऊन आम्हाला दोनच आठवडे झाले होते. शनिवारची दुपार होती. मी लॉबीत उभी राहून नागपूरला आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर मागून आवाज आला, "बाराव्या मजल्यावर वारा छान असतो, नाही?"

स्वच्छ मराठी. वळून पाहिलं तर पांढऱ्या आखूड केसांच्या, करडा कोट आणि स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक बाई. सत्तरीच्या पुढच्या. मी इतकी खूष झाले की त्यांचं बोलणं नीट ऐकलंच नाही.

"असेल मावशी, पण आम्ही नवव्यावर राहतो."

"नववाही बराच," त्या म्हणाल्या. "पण बाराव्यावर जरा जास्त वारा."

मी नऊचं बटण दाबलं. त्या माझ्याबरोबर आत आल्या. नवव्यावर मी उतरले, त्या आतच उभ्या राहिल्या आणि दार बंद झालं. नंतर कळलं की त्या पुन्हा खाली गेल्या, मग कुणाबरोबर तरी पाचव्यावर, मग कुणाबरोबर विसाव्यावर, आणि अर्ध्या तासानं बाराव्यावरचा कुणीतरी भेटला तेव्हा घरी पोचल्या.

मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. अलिबागजवळच्या एका खेड्यातल्या. "शनवारतेली म्हणायचे आम्हाला," त्यांनी मला सांगितलं, "शनिवारी घाणे बंद ठेवणारे तेली." शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, विस्तव की वीज काही चालवायचं नाही, म्हणून त्या लिफ्टचं बटणही दाबत नसत. दुसऱ्याला दाब म्हणून सांगायचीही बंदी. "पण वाऱ्याबद्दल बोलायला कुणाची ना नाही," त्या म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला.

पुढच्या शनिवारी मी बारा दाबलं. त्यांनी चहाला बोलावलं.

चहा थर्मासमधला. शुक्रवारी करून ठेवलेला, वेलचीचा, जरासा कडवट झालेला. सोबत नारळाच्या दुधातला हलवा. त्यांच्या हॉलला नदीकडची मोठी खिडकी होती. खाली कम्युटर ट्रेन यायच्या, जायच्या, पण काचेमुळे आवाज यायचा नाही. पलीकडे मॅनहॅटन. दुपारी पाण्यावरचं ऊन उलटून त्यांच्या छतावर पडायचं आणि तिथं हलत राहायचं. त्या घरात बसलं की आपण कुठल्या गावात आहोत आणि कुठल्या काळात, हे थोडा वेळ विसरायला व्हायचं. माझं आठवड्याचं ऑफिस, डेडलाइन, व्हिसाचे कागद हे सगळं खाली लॉबीतच राहायचं.

मावशींनी तीस वर्षं नदीपलीकडच्या एका मोठ्या ग्रंथालयात जुन्या हिब्रू पुस्तकांच्या याद्या केल्या होत्या. याद्या करता करता त्यांनी ती पुस्तकंही वाचली. त्यांचा जीव अडकला होता तो एकाच प्रकारच्या पुस्तकांत. दोन हजार वर्षांपूर्वी काही ज्यू लेखकांनी आपल्याच धर्मग्रंथातल्या गोष्टी पुन्हा लिहून काढल्या होत्या. खास करून अवघड गोष्टी. ज्या वाचताना घास घशात अडकतो, अशा.

"ग्रंथ बदलायचा नाही, तो तर पवित्र," त्या सांगायच्या. "पण गोष्ट तर टोचतेय. मग काय करायचं? शेजारी बसून तीच गोष्ट परत सांगायची. जिथं लिहिणारा गप्प बसला, तिथं आपण बोलायचं."

मी सॉफ्टवेअर टेस्टर. कागदावर काय लिहायचं राहिलंय, ते शोधायचे मला पैसे मिळतात. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तू आमच्यातलीच."

माझी मुलगी रेवा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीतून. मावशींना त्याचं काही नव्हतं. पहिली गोष्ट त्यांनी तिला सांगितली ती डोंगरावरची. देव एका म्हाताऱ्या बापाला म्हणतो, तुझा लाडका मुलगा मला बळी दे. बाप पहाटे उठतो, लाकडं फोडतो आणि मुलाला घेऊन डोंगराकडे निघतो. शेवटच्या क्षणी देव त्याचा हात थांबवतो.

मला वाटलं, रेवा घाबरेल. तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"बट व्हेअर वॉज हिज मॉम?"

मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला. मग माझ्याकडे वळल्या. "बघ. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी नेमकं हेच विचारलं. ग्रंथात आईचं नावसुद्धा नाही त्या सबंध प्रसंगात."

मग त्यांनी सांगितलं. एका लेखकानं लिहिलं, बाप बायकोशी खोटं बोलला, मुलाला शिकायला नेतोय म्हणाला. दुसऱ्यानं लिहिलं, आईला कळलं तेव्हा ती घर सोडून निघाली आणि वाटेत भेटेल त्याला विचारत फिरली, माझा मुलगा पाहिलात का? तिसऱ्यानं सगळं खापर एका दुष्ट देवदूतावर फोडलं. त्यानंच देवाचे कान भरले म्हणे.

"दॅट्स चीटिंग," रेवा म्हणाली.

"चीटिंगच आहे," मावशी म्हणाल्या. "ह्या लोकांत दोन जाती, रेवा. एक थोरामोठ्यांचे कपडे धुऊन देणारे. डाग दिसला की घास, घास. आणि दुसरे, कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईला जाऊन विचारणारे, बाई गं, तुझं काय झालं?"

एका गोष्टीवर त्यांचा फार राग होता आणि फार जीवही होता. दुष्काळात परदेशात गेलेला एक थोर पुरुष जिवाच्या भीतीनं बायकोला बहीण म्हणून सांगतो, आणि राजा तिला उचलून नेतो. आता थोर माणूस भित्रा कसा? म्हणून एका लेखकानं त्याला आदल्या रात्री एक स्वप्न पाडलं. स्वप्नात एक देवदार आणि एक खजुराचं झाड. माणसं देवदार तोडायला येतात तेव्हा खजुराचं झाड ओरडतं, त्याला तोडू नका, आमचं मूळ एकच आहे. देवदार वाचतो.

"म्हणजे खोटं बोलायची कल्पना स्वप्नाची, त्याची नाही," मावशी म्हणाल्या. "लेखक पुरुष होता, दुसरं काय!" मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "पण झाड बोललं, हे मात्र सुंदर केलं त्यानं. बाई बोलली असती तर राजानं ऐकलं नसतं."

असे शनिवार गेले. दोन वर्षं तरी. रेवा कधी कधी मैत्रिणीकडची प्लेडेट कॅन्सल करून वर यायची. तिला एकच तक्रार होती.

"मावशी, यात सगळे बॉइज. इज देअर वन अबाउट अ गर्ल?"

"आहे," मावशी म्हणायच्या.

"सांग ना."

"आज नको."

दर वेळी हेच. आज नको. मी एकदा किचनमध्ये कप विसळताना विचारलं, "फार वाईट आहे का ती गोष्ट?" त्यांनी कप माझ्या हातातून घेतला. "वाईट सगळ्याच असतात. ती जरा जवळची आहे."

मला त्यांच्याबद्दल तुटक तुटक माहीत होतं. सतरा वर्षांच्या असताना लग्न झालं. नवरा चाळिशीचा विधुर, दोन मुलांचा बाप. "माणूस वाईट नव्हता, माझ्याशी काय बोलायचं ते त्याला कळायचं नाही." बारा वर्षांनी तो गेला. मुलं मोठी झाली होती. मग मावशी कॉलेजात गेल्या, आपल्याहून दहा वर्षांनी लहान पोरींबरोबर बाकावर बसल्या, स्कॉलरशिप मिळवली आणि इथं आल्या. माहेरचा विषय निघाला की फक्त धाकट्या भावाचं नाव निघायचं. रविवारी सकाळी त्याचा अलिबागहून फोन यायचा आणि त्या लहान मुलीसारख्या भांडायच्या त्याच्याशी.

तो भाऊ, पासष्टीचा, गेल्या सप्टेंबरात पहिल्यांदा अमेरिकेला आला. आदल्या वर्षी त्याची बायपास झाली होती. बारीक, काळासावळा, मोठ्या हातांचा माणूस. मी त्यांना काका म्हणायला लागले. त्यांना इथलं सगळं आवडलं, फक्त चहा सोडून.

त्या शनिवारी आम्ही चौघं हॉलमध्ये बसलो होतो. उन्हं कलली होती. रेवा म्हणाली, "मावशी, द गर्ल स्टोरी. आता तर काका पण आहेत."

मला वाटलं, आज नको म्हणतील. त्यांनी भावाकडे पाहिलं आणि सांगायला लागल्या.

एक सेनापती लढाईला निघाला. त्यानं देवाला नवस केला, जिंकून परत आलो तर माझ्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते तुला अर्पण करीन. तो जिंकला. परत आला. दारातून पहिली बाहेर आली ती त्याची एकुलती एक मुलगी. डफ वाजवत, नाचत. बाप म्हणाला, पोरी, तू माझा घात केलास.

"शी?" रेवा ओरडली. "शी डिड?"

"हो. असंच आहे. आणि इथं कुणी हात थांबवत नाही. मुलगी दोन महिने मागून घेते, मैत्रिणींबरोबर डोंगरांत जाऊन रडते, परत येते. संपली गोष्ट. ग्रंथात तिला नावसुद्धा नाही."

"मग नंतरच्यांनी?" मी विचारलं.

"एकानं तिला नाव दिलं. त्यासाठी मी त्याचे पाय धरीन. त्यानं तिला डोंगरात विलापही करू दिला. आईनं विणलेलं माझं पांढरं वस्त्र आता कसर खाईल, झाडांनो, फांद्या खाली करा आणि रडा, असं ती म्हणते. पण त्याआधी तो तिच्या तोंडात बापाचीच भाषा घालतो. बाबा, दुःख करू नका, मी खुशीनं जाते." मावशींचा आवाज कोरडा झाला. "खुशीनं."

काका खाली बघत होते.

"दुसऱ्यांनी निराळं सांगितलं. ते म्हणाले, अहो, असला नवस मोडता येत होता! धर्मात तशी सोय होती. फक्त बापानं मुख्य पुरोहिताकडे जायचं आणि सोडवून घ्यायचं. पण बाप म्हणाला, मी सेनापती, मी कशाला जाऊ? पुरोहित म्हणाला, गरज त्याला आहे, मी कशाला जाऊ? दोघांच्या मानापानात पोर गेली."

ट्रेन खालून गेली. डब्यांतले दिवे लागले होते.

"माझ्या वडिलांनीही नवस केला होता, रेवा," मावशी अगदी सहज म्हणाल्या. "हा पाच वर्षांचा होता. ताप उतरेना. डॉक्टरांनी हात टेकले. वडील म्हणाले, पोरगा वाचला तर मलिदा करीन, आणि मुलीला जे पहिलं स्थळ येईल त्याला नाही म्हणणार नाही. पोरगा वाचला. मलिद्याचं, गूळ, नारळ, पोह्यांचं ताट मांडलं. आणि आठवड्याभरात पहिलं स्थळ आलं."

रेवा माझ्याजवळ सरकली. मग तिनं तेच विचारलं, जे ती नेहमी विचारायची. पण आवाज अगदी लहान.

"तुझी आई कुठे होती?"

मी तिचा हात दाबला. मावशी म्हणाल्या, "चुलीपाशी होती. ती काही बोलली नाही. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही."

काकांनी कप खाली ठेवला. बशीवर त्याचा आवाज झाला.

"ताई, ती बोलली होती."

मावशींनी वर पाहिलं.

"तिनं बाबांना सांगितलं, पोराला डॉक्टरला दाखवून आणते. आणि मला कडेवर घेऊन ती खाडीपलीकडे गेली. हझानांकडे." आमच्याकडे वळून त्यांनी सांगितलं, "सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवतात ते. त्यांना ती म्हणाली, माझ्या मुलीला सोडवा. ते म्हणाले, सोडवता येईल. पण नवस ज्यानं केला त्यानं स्वतः यायला हवं. घरी येऊन तिनं बाबांना सांगितलं. मी तिथंच होतो. बाबा म्हणाले, दिलेला शब्द मी मागे घेत नाही. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तुझी हळद होती."

"तुला माहीत होतं?" मावशी म्हणाल्या. "साठ वर्षं?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, ताईला सांगू नको. तिला तिथं नांदायचंय. सुटता आलं असतं हे कळलं तर ती नांदणार कशी?" काकांचे मोठे हात गुडघ्यांवर नुसतेच पडले होते. "मग आई गेली. मग मला लाज वाटायला लागली. माझ्यापायी झालं सगळं. ऑपरेशनच्या टेबलावर वाटलं, आता हे माझ्याबरोबरच जाणार."

मला वाटलं, मावशी रडतील, किंवा भावावर चिडतील. त्या थोड्या पुढं झुकल्या.

"चालत गेली?"

"चालत."

"ओहोटी होती?"

"नव्हती. बंधाऱ्यावर थांबलो होतो आम्ही पाणी उतरेपर्यंत. मला भूक लागली. तिनं पदरात भाजलेले शेंगदाणे आणले होते."

"आणि येताना?"

"येताना तिनं मला खाली उतरवलं नाही. मी चालतो म्हटलं तरी नाही."

खोलीत अंधार झाला होता. आकाशात तारे दिसेपर्यंत त्यांचा शनिवार संपत नाही, त्यामुळे दिवा लावायचा प्रश्न नव्हता, आणि मलाही उठून लावावासा वाटला नाही. पलीकडच्या इमारतींचा उजेड मावशींच्या चेहऱ्यावर पडला होता. त्या म्हणाल्या, "जन्मभर मी दुसऱ्यांच्या आया शोधत बसले."

मग त्यांनी हात पुढं करून भावाच्या गुडघ्यावर ठेवला. त्यांचे डोळे वाहायला लागले, पण पुसायचं त्यांना सुचलं नाही. रेवा उठली आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली.

त्यानंतर मावशी बदलल्या, असं मी म्हणणार नाही. पण वडिलांचा फोटो पूर्वीसारखाच ड्रॉवरमध्ये राहिला, आणि आईचा एक बारकासा, कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला फोटो टेबलावर आला. चेहरा अगदी धूसर. मी एकदा विचारलं, "वडिलांवर अजून राग आहे?" त्या म्हणाल्या, "आहे ना. तो असू दे. पण आता त्या घरात मी एकटी नाही उभी."

ऑक्टोबरात भावाबरोबर त्या गावी गेल्या. आईची कबर बघायची होती आणि ती खाडी ओलांडायची होती. मार्चमध्ये परत येणार होत्या, रिटर्न तिकीट काढलेलं होतं. रेवाला त्यांनी एक व्हॉइस मेसेज पाठवला. बंधाऱ्यावरून बोलत होत्या, वाऱ्यामुळे निम्मं कळलं नाही. आता तिथं पूल झालाय, पण त्या पायीच गेल्या, पाणी उतरेपर्यंत थांबून, एवढं कळलं. फेब्रुवारीच्या शेवटी काकांचा फोन आला. झोपेतच गेल्या. आईशेजारी जागा मिळाली.

बाराव्या मजल्यावर आता पुण्याचं एक तरुण जोडपं राहतं. परवा लिफ्टमध्ये भेटलं. भली माणसं आहेत. मावशींची पुस्तकं त्यांच्या जुन्या ग्रंथालयानं नेली. रेवा या विषयावर काही बोलत नाही. मात्र शाळेत तिनं एक निबंध लिहिला, आणि तिच्या टीचरनं मला मेल करून विचारलं, ही बाई खरी आहे की हिनं बनवलीय? मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मला मावशी आठवतात त्या विमानाच्या आदल्या दिवशीच्या. सकाळची वेळ. मी ऑफिसला निघाले होते. नदीवर इतकं धुकं होतं की पलीकडचं शहर नाहीसंच झालं होतं. कठड्यापुढं नुसता पांढरा, सपाट समुद्र. धक्क्यावरच्या बाकावर ती दोघं बसली होती, माझ्याकडे पाठ करून. काका संत्रं सोलत होते आणि एकेक फोड बहिणीच्या हातावर ठेवत होते. हाक मारावी म्हणून मी जवळ गेले, आणि ऐकून तिथंच थांबले.

"आई हिरवं लुगडं नेसली होती," काका सांगत होते.

"हिरवं नव्हतंच तिच्याकडे."

"होतं गं."

"अरे, मला पाठ आहेत तिची लुगडी. तीन होती. एकही हिरवं नव्हतं."

काकांनी फोडीतली बी काढली, फोड मावशींच्या हातावर ठेवली आणि धुक्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी होतं."